सगळ्या गल्लीचा मॅनिफोल्ड

कोल्हापुरात नव्या गाडीपुढं नारळ फुटला की त्याचं पाणी रस्त्यावर वाळायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "एक राउंड मारून बघू काय?"

याला नाही म्हणता येत नाही. तसा कायदा नाही. पण कायदा मोडता येतो, हे मोडता येत नाही. गाडी नवी असो, रंग मारून आणलेली असो किंवा नुसते टायर बदललेले असोत, मालकानं किल्ली पुढं करायची, हसायचं आणि गाडी परत येईपर्यंत कोपऱ्याकडं बघत उभं राहायचं. धैर्यशील सरनोबतांच्या गाडीच्या बाबतीत या रिवाजानं विज्ञानात जो काही घोळ घातला, त्याची ही हकीकत. मी त्यांच्याच गल्लीत राहतो, मंगळवार पेठेत, त्यामुळं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. गाडीच्या आत जे घडलं ते नवरा-बायकोनं दोन तऱ्हांनी सांगितलं. जेवढं जुळलं तेवढंच इथं घेतलंय.

साल दोन हजार एक्केचाळीस. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्या विजेवर गेल्या होत्या. त्या आवाज न करता येतात आणि आवाज न करता जातात. त्यामुळं पाहुणे गेल्याचा आनंदसुद्धा हल्ली उशिरा होतो. अख्ख्या शहरात पेट्रोलचा पंप एकच उरला होता आणि पंपापेक्षा त्याच्या बाजूचा चहाचा गाडा जास्त चालायचा.

सरनोबतांकडं मात्र वडिलांनी घेतलेली लाल पेट्रोल गाडी होती. चार दारं, पाच गिअर, आणि इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय हे दाखवणारा काटा नाही. तो काटा महागड्या मॉडेलला मिळायचा, आणि कानाला कळत असताना काट्याला पैसे कशाला, असं थोरल्या सरनोबतांचं मत होतं. गाडीचं नाव फटाकडी. हिच्यातूनच धैर्यशील लग्नाची वरात घेऊन आले, हिच्यातूनच मुलीला दवाखान्यातून घरी आणलं, आणि हिच्या पुढच्या सीटवर बसून थोरले सरनोबत शेवटचं म्हणाले होते, "ही मोडीत घालू नकोस."

तर आता सरकार ती मोडीत घालणार होतं.

पेट्रोल गाड्या वर्षअखेर भंगारात, असा हुकूम निघाला होता. सवलत एकच होती, वारसा परवाना. त्यासाठी एक परीक्षा. कोकणातल्या पायथ्यापासून करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचायचं, फक्त एक लिटर पेट्रोलवर, अर्ध्या तासाच्या आत. गाडीत कुठलंही जादा इलेक्ट्रॉनिक यंत्र चालणार नाही, मोबाइलसुद्धा नाही. पोचलात तर दहा वर्षं निश्चिंत. पेट्रोल संपून मध्येच अडकलात तर क्रेन तुम्हाला परत खाली आणणार, आणि खाली गाड्या चेपणारं सरकारी प्रेस उभं. आतापर्यंत गेलेल्यांपैकी तीनच गाड्या वर पोचल्या. बाकीच्यांचे संध्याकाळपर्यंत चौकोनी ठोकळे झाले. एका मालकानं आपला ठोकळा घरी नेऊन दिवाणखान्यात टीपॉय म्हणून ठेवला, असं म्हणतात.

फटाकडी एक लिटरवर घाटाच्या दोन तृतीयांशापर्यंतच जायची. सरनोबतांनी जाऊन बघितलं होतं. घरी येऊन ते जेवले नाहीत. आमच्या गल्लीत ही बातमी समजली जाते.

त्यांची मुलगी गार्गी पुण्याला प्रयोगशाळेत पॉलिमरवर काम करायची. ती शनिवारी आली, बापाचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, इंजिन बदलायचं नाही असा नियम आहे. पण इंजिनानं श्वास कसा घ्यायचा, यावर नियमात एक शब्द नाही. आपण मॅनिफोल्ड बदलू."

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचं नाक. बाहेरची हवा आधी एका कोठीत येते आणि तिथून चार नळ्यांनी चार सिलिंडरांकडं जाते. प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी झडप असते. उघडली की हवा आत जाते. मिटली की मागून धावत आलेली हवा बंद दारावर आपटते, आणि त्या आपटण्याची एक लाट नळीतून उलटी पळते, कोठीला धडकून परत येते. परत येताना झडप नेमकी उघडी सापडली, तर ती लाट जास्तीची हवा आत कोंबते. मग पेट्रोलचा थेंबन् थेंब कामी येतो. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला की तो कमी जोरात जास्त उंच जातो, तसंच हे. आता मेख अशी, की लांब नळीतून लाट उशिरा परतते, ती सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला मानवते. आखूड नळी जोरात फिरणाऱ्याला. म्हणजे प्रत्येक मॅनिफोल्डचा एक आवडता वेग असतो, आणि तो कारखान्यात कुणीतरी तुम्हाला न विचारता ठरवलेला असतो.

गार्गीनं जेवणाच्या टेबलावर एक डबी ठेवली. आत राखी रंगाचा लोण्यासारखा लेप.

"हा नळ्यांच्या आतून लावायचा. इंजिन तापलं की हा मऊ होतो. मग हवेच्या लाटा जिथं जिथं सारख्या दाबतील, तिथं हा सरकतो, कुठं उंचवटा, कुठं खळगा. ज्या लाटा रोज येतात त्यांनाच बळ मिळेल असा आकार धरतो. पंधरा-वीस दिवस गाडी चालली की कायमचा कडक. परत बदलत नाही."

"म्हणजे पायताणागत," सरनोबत म्हणाले. "नवं असताना चावतंय, मग आपल्या पायाचा आकार घेतंय, आणि मग दुसऱ्याच्या पायात बसत न्हाई."

गार्गीनं या विषयावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. तिनं डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "हो. तेच."

"मग ह्यो मॅनिफोल्ड माझ्या पायाचा होणार?" सरनोबतांचे डोळे लकाकले.

"तुमच्या एकट्याच्या. फक्त लेप कडक होईपर्यंत गाडीला दुसऱ्या कुणाचा पाय लागता कामा नये."

"हॅत्! एवढंच व्हय?"

पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात लग्नघराची धांदल होती. सरनोबतांचा शिरोलीला पंपांची कास्टिंग ओतायचा छोटा कारखाना होता, त्यामुळं ओतकाम घरचंच. गार्गीच्या कॉम्प्युटरनं रात्रभर हवा खेळवून नळ्यांचा आकार काढला, तो कुठल्यातरी समुद्री प्राण्यासारखा होता. सरनोबतांनी त्यातल्या एका वळणावर बोट ठेवलं. "ओतताना हितं वाळूचा गाभा मोडंल." गार्गीनं वळण मोठं केलं, तर नळी बॉनेटला लागायला लागली. त्यांनी नळी खाली वाकवली, तर कॉम्प्युटर रागावला. बापलेकीनं टेबलावर रबरी नळीचे तुकडे मांडले, तोंडानं फुंकून आवाज ऐकले, भांडले, पुन्हा फुंकले. शेवटी दोघांनाही निम्मा-निम्मा पटलेला आकार निघाला, आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर म्हणाला, मूळच्यापेक्षा हा बरा.

सरनोबतांच्या पत्नी पद्मजावहिनी ताटं घ्यायला जागा शोधत उभ्या होत्या. "हे मोरीतल्या पाइपागत दिसतंय," त्या म्हणाल्या. आणि मग सहज म्हणाल्यासारखं, "बसवल्यावर मी पण एकदा चालवून बघतो की."

आमच्याकडच्या बायका 'बघतो, जातो' असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्यांना पहिले दोन दिवस वाटतं की घरात आणखी एक पुरुष आहे. पद्मजावहिनींच्या वडिलांचे कागलला टेम्पो होते. लग्नाआधी त्या टेम्पो चालवायच्या, भरलेला.

"नंतर," सरनोबत म्हणाले, डोळे नळीवरच.

इथं सरनोबतांचा स्वभाव सांगितला पाहिजे. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत ते दोन्ही उमेदवारांच्या पदयात्रेत चालले, आणि दोन्ही वेळा पुढं. पण बायकोला ते लग्नापासून 'नंतर' म्हणत आले होते. 'नंतर' म्हणजे 'नाही' नव्हे, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

मॅनिफोल्ड बसला. नारळ फुटला. गार्गी "लक्षात आहे ना?" असं बजावून पुण्याला गेली. तिची बस गल्लीच्या तोंडाशी वळली नसेल, तोवर अण्णा मगदूम म्हणाले, "धैर्या, आवाज लई गोड येतोय रं. एक राउंड मारून बघू काय?"

अण्णा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कसं नाही म्हणायचं? सरनोबत शेजारी बसले. अण्णांनी मागं साठ माणसं उभी आहेत अशा बेतानं गाडी हाकली. दुसऱ्या दिवशी देशिंगकर मास्तर. ते गणिताचे. पेट्रोल वाचवायचं म्हणून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपासूनच चौथा गिअर टाकतात, मग इंजिन खोकायला लागलं की त्याला समजावतात. तिसऱ्या दिवशी तालमीतला पिंट्या चौगुले. पिंट्याचा जन्मच विजेच्या गाड्यांतला, त्यानं क्लच कधी बघितला नव्हता. त्याला समजलं की पाय दाबला की आवाज होतो. मग त्यानं पाय उचललाच नाही. सरनोबत रंकाळ्याला फेरी मारून आले तेव्हा त्यांच्या हातात दरवाज्याचं हँडल होतं.

मग रांगच लागली. ज्यांना गिअर म्हणजे काय ते बघायचं होतं ते आले, ज्यांना आपल्या बापाची गाडी आठवली ते आले. शेजारच्या गल्लीनं 'आम्ही काय परके?' असा निरोप पाठवला. सरनोबत प्रत्येकाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसले. पेट्रोल भराभर संपायचं. ते गुपचूप भरून आणायचे. मुलीचा फोन आला की म्हणायचे, "चाललंय की. मी स्वतः असतोय गाडीत." यात खोटं काहीच नव्हतं.

परीक्षेच्या चार दिवस आधी गार्गी आली. तिनं मॅनिफोल्डच्या तोंडाशी छोटा स्पीकर लावला आणि खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाज सोडला. जिथं नळ्या घुमतील तिथं पडद्यावर टेकडी उठणार होती. एका ड्रायव्हरची एकच उंच टेकडी अपेक्षित होती.

पडद्यावर सह्याद्री उगवला.

"पप्पा." गार्गीचा आवाज फार शांत होता. "गाडी कुणी कुणी चालवली?"

"म्हणजे... मीच की."

"ही डावीकडची बुटकी, लांबट टेकडी कुणाची?"

सरनोबतांनी छताकडं बघितलं. "ते... मास्तर असतील."

"आणि हे टोक? हा तर सुळका आहे!"

"पिंट्या."

"ही सपाट?"

"अण्णा. त्यांनी सावकाश चालवली गं, लई जपून..."

एकेक टेकडीला एकेक नाव लागत गेलं. अगदी उजव्या कोपऱ्यात एक बारीकशी टेकडी होती, ती कुणाची हे सांगायची इथं गरज नाही. मी एकच राउंड मारला होता.

गार्गीनं पडद्याकडं पाठ केली. "आजोबांची गाडी तुम्ही गल्लीला वाटून टाकलीत, पप्पा. लेप कडक झालाय. नवा मॅनिफोल्ड चार दिवसांत होत नाही. संपलं."

सरनोबत खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे होऊन. बाहेर फटाकडी उभी होती, आणि तिच्या बॉनेटवर शेजाऱ्यांचं मांजर.

"त्या सगळ्यांच्या मधली मोठी टेकडी ऱ्हायली की," चहा घेऊन आलेल्या पद्मजावहिनी म्हणाल्या. "तिचं नाव नाही घेतलं कुणी."

खरंच, मधोमध एक मोठी, गोलसर, देखणी टेकडी होती.

सरनोबतांच्या तोंडावर जीव आला. "ती माझी! माझीच असणार! बघ, गार्गी, मी पण हाय त्यात!"

वहिनींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "साखर बरोबर हाय काय बघा."

गार्गी पुन्हा पडद्याकडं वळली. ती टेकड्यांकडं आता वेगळ्या नजरेनं बघत होती. "थांबा. यातली प्रत्येक टेकडी खरी आहे. लेपानं प्रत्येकाच्या पायाची लाट पकडलीय, त्यांचा गिअर, त्यांचा दाब. मास्तर चालवतात तशी चालवली तर गाडी मास्तरांच्या टेकडीवर उत्तमच चालणार. मधल्या दऱ्यांत पडली तरच पेट्रोल जाणार. पण दरी टाळायला आरपीएमचा काटा पाहिजे, आणि काटा लावता येत नाही..."

"काटा कशाला?" वहिनी म्हणाल्या. "सपाटीला मास्तरांना बोलवायचं. लांब चढाला अण्णा. वळणातनं उसळी घ्यायची तितं पिंट्या. ह्यांनी सगळ्यांच्या शेजारी बसून बघितलंय, कोण कसा पाय टाकतो ते. नकला करण्यात ह्यांचा हात कोण धरणार?"

गार्गीनं आईकडं बघितलं, मग बापाकडं. आणि ओरडलीच, "आई!"

दोन दिवस पन्हाळ्याच्या रस्त्यावर तालीम चालली. वहिनी शेजारी बसून नाव पुकारायच्या, सरनोबत पाय बदलायचे. मास्तर म्हटलं की ते आपोआप पुढं वाकून काचेतून बघायचे. अण्णा म्हटलं की डावा हात पोटावर. पिंट्या म्हटलं की तोंडातून हुर्रर्र असा आवाज. पेट्रोल मोजलं तर गार्गीचा विश्वास बसेना. फक्त पन्हाळ्याला करूळसारखा शेवटचा खडा चढ नाही. "तो चढ माझा," सरनोबत म्हणाले. "तितं मोठी टेकडी, म्हणजे मी." वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

परीक्षेच्या दिवशी गार्गीसकट सगळी गल्ली भल्या सकाळी बस करून गगनबावड्याला जाऊन बसली, हलगीसकट. खाली पायथ्याला निरीक्षक खोत उभे होते. त्यांना बघून वाटायचं की हा माणूस झोपेतही फॉर्म भरत असेल. त्यांनी टाकी रिकामी करवून घेतली आणि दुधाच्या मापासारख्या स्टीलच्या मापानं एक लिटर पेट्रोल ओतलं, शेवटचा थेंब हलवून. मागं सरकारी प्रेसचा ड्रायव्हर वडापाव खात होता. त्यानं फटाकडीकडं टाकलेली नजर वहिनींना अजिबात आवडली नाही.

"चालक?"

"मी. धैर्यशील सरनोबत."

"शेजारी?"

"पत्नी. पद्मजा. ही... नावं सांगणार."

खोतांनी तेवढंच लिहिलं. शिट्टी वाजली.

"मास्तर!" वहिनी ओरडल्या.

सरनोबत पुढं वाकले, चौथा गिअर, पाय हलका. फटाकडी खोकली नाही, गुणगुणली. दोन्ही बाजूंची झाडं मागं सरकायला लागली.

"मास्तर, मास्तर, अजून मास्तर... पूल आला... अण्णा!"

डावा हात पोटावर जाऊन आला, तिसरा गिअर. साठ प्रवासी मागं उभे असल्यासारखी गाडी ठाम चढायला लागली. इंजिनाच्या आवाजात एक भरीवपणा आला, घागर भरत आल्यावर येतो तसा.

"वळण! पिंट्या!"

"हुर्रर्र!"

फटाकडी उसळली. वळणावर उभा असलेला एक टेहळणीवाला कठड्यावर चढून बसला. "परत अण्णा! आता मास्तर! अहो, मास्तर म्हटलं की, पिंट्या न्हवं!" "बसतोय, बसतोय!" "अण्णा! ... पिंट्या! ... अण्णा!" दरी खाली खाली जात होती, पेट्रोलचा काटाही. पण काटा सावकाश जात होता. जिथं मागच्या वेळी गाडी थांबली होती तो दगड आला आणि गेला. सरनोबतांनी त्या दगडाला चक्क हात केला.

"पद्मा, आपण पोचतोय! पद्मा!"

"पुढं बघा! पिंट्या!"

शेवटचं वळण संपलं आणि समोर तो चढ उभा राहिला. सरळ, लांब, आभाळात घुसलेला. वर टोकाला हलगीचा आवाज बारीक ऐकू येत होता.

"आता तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

सरनोबत सरळ बसले. त्यांनी खांदे सैल सोडले, आपला नेहमीचा गिअर टाकला, आपल्या नेहमीच्या पायानं दाबलं. आणि फटाकडीनं मान टाकली. इंजिन गुदमरलं, गाडी हिसके द्यायला लागली. त्यांनी जास्त दाबलं, जास्त गुदमरलं. अण्णा लावून बघितले, मास्तर लावून बघितले. चढ कुणालाच मानत नव्हता. पेट्रोलचा काटा शून्याला टेकला.

गाडी थांबली. हँडब्रेक ओढून सरनोबत स्टिअरिंगकडं बघत राहिले.

"मी न्हाईच की गं यात," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळी गल्ली हाय. मीच न्हाई. सगळ्यांना दिली, मी कवा चालवली?" मग त्यांच्या लक्षात आलं. "मग ती मोठी टेकडी कुणाची?"

"माझी," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"दुपारी तुम्ही झोपलात की मी जोतिबाच्या घाटात जाऊन येत होतो. रोज. वरपर्यंत."

"आणि पेट्रोल? मी पिंट्याच्या नावानं..."

"पिंट्याचं बी होतं त्यात."

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाईस? टेकडी माझी म्हणालो तवा?"

"एवढं हरकून म्हणालात. मन मोडवंना."

"अगं पण चालवायची हुती तर मला विचारायचंस तरी!"

"विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, नंतर." त्यांनी पट्टा सोडला. "आता नंतर झालं. सरका तिकडं."

सरनोबत आयुष्यात एवढ्या चपळाईनं कधी उतरले नव्हते. दोघांनी एकदमच गाडीला पुढून वळसा घालायचा प्रयत्न केला, बॉनेटपुढं एकमेकांवर आदळले, लाजले आणि पळाले. वरून टेहळणीवाल्यानं दुर्बीण लावली. नियमात चालक बदलू नये असं कुठं लिहिलं नव्हतं. असं कुणी करेल हे सरकारच्या डोक्यात आलं नव्हतं.

वहिनींनी सीट पुढं ओढली, पदर खोचला आणि किल्ली फिरवली.

त्यांनी पाय दाबला नाही. ठेवला. साय धरायला दूध ठेवावं तसा, हलवायचा नाही. दुसऱ्या गिअरवर, कागलच्या भरल्या टेम्पोगत. फटाकडी एकदा थरथरली, आणि मग चारही नळ्यांतून एकच सूर निघाला, खोल, गोल, छातीत घुमणारा. तो वर आम्हाला ऐकू आला. हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. सगळी गल्ली कठड्याशी धावली.

सरनोबत चढाकडं बघतच नव्हते. इतक्या वर्षांत ते बायकोला गाडी चालवताना पहिल्यांदा बघत होते. तिची हनुवटी किंचित वर होती. अंगठा स्टिअरिंगवर ताल धरत होता.

"पद्मा," ते म्हणाले, "तू लई भारी चालवतीस."

"बोलू नका. ऐकू येत न्हाई इंजिन."

टोकाच्या थोडं खाली सूर कापला. एक झटका बसला. टाकी संपली होती. पण चारही नळ्यांत भरलेल्या हवेनं आणि पेट्रोलच्या उरल्यासुरल्या वाफेनं इंजिनानं आणखी काही फेरे दिले, पिंट्यानं रेषेपलीकडून "या वहिनी या!" अशी आरोळी ठोकली, आणि फटाकडी रेषेवरून चालत आल्यासारखी आली आणि उभी राहिली. मागची चाकं रेषेच्या पलीकडं वीतभर होती. मी स्वतः वाकून बघितलं. मास्तरांनी ती वीत पुन्हा मोजली.

मग जो काही जल्लोष झाला, त्यात अण्णा मगदूम रडले आणि मास्तर नाचले. गार्गी बॉनेटला मिठी मारून चटका बसवून घेऊन आली. निरीक्षक खोत मागून जीपनं पोचले. त्यांनी घड्याळ बघितलं, रेष बघितली, कपाळाला आठी घातली. "परवान्यावर चालकाचं नाव एकच येतं. सुरुवातीला हे होते. शेवटी या आहेत. कुणाचं लिहू?"

सगळ्यांनी सरनोबतांकडं बघितलं. सगळ्यांना खूश करायचा त्यांचा तो ओळखीचा चेहरा एकदा इकडं, एकदा तिकडं झाला आणि मग स्थिर झाला.

"तिचं लिहा," ते म्हणाले. "मॅनिफोल्ड तिच्या पायाचा हाय."

गार्गीनं कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. पिंट्यानं बॉनेटवर हात फिरवला, घसा खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, जाताना घाटातनं एक राउंड मारून बघू काय?"

सवयीनं सरनोबतांचा हात खिशात गेला. किल्ली खिशात नव्हती.

"नाही," पद्मजावहिनी म्हणाल्या.

आमच्या गल्लीत हा शब्द या वाक्याला उत्तर म्हणून कुणी कधी ऐकला नव्हता. पिंट्यानं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी मास्तरांकडं. कुणाचं काही बिघडलं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. सरनोबतांच्या चेहऱ्यावर तर असा आनंद पसरला होता की जणू हा शोध त्यांच्याच घरात लागला. तो लागलाही होता.

त्या आनंदात ते पुढं झाले आणि बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "मग आता घरापर्यंत मी चालवू?"

"नंतर," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी किल्ली फिरवली.

सरनोबत गाडीला मागून वळसा घालून गेले, डावीकडं बसले आणि पट्टा लावला.